कपाशीचा पंधरावा दिवस

लीला : पाच किलोची बरणी होती. झाकण घट्ट बसायचं. दर उन्हाळ्यात कैरीचं लोणचं पडायचं त्यात. आता घोडी त्यात नाक घालून उभी राहते, आणि मी लोणचं भरते तुपाच्या जुन्या डब्यात.

जयसिंगराव : हळू बोल गं. ऐकते ती.

लीला : ऐकू दे. मला सर्दी झाली तर वाफेला डोक्यावर चादर धरायला कोणी येत नाही. हिच्यासाठी पार पोलोग्राउंडच्या वर्कशॉपात जाऊन बरणीचं बूड कापून आणलं. वर काठाला सायकलची ट्यूब चिकटवली. का, तर मॅडमचं नाक घासायला नको.

जयसिंगराव : जयेशनं केलं ते. मिलचा फिटर होता, ऐसावैसा नाही. चला डॉक्टरीणबाई, आजचे दहा आणि खलास. तयार?

अनुश्री : तयार, काका. तुम्ही सांगा, मी औषधाचा पंप दाबते.

जयसिंगराव : थांबा... सोडतेय... सोडतेय... हां, आता! दाबा!

अनुश्री : एक.

जयसिंगराव : घाई नाही करायची. पूर्ण सोडू द्या तिला. हां... आता!

अनुश्री : दोन. काका, बाकीच्या पाच घोड्यांकडे माझा अर्धा पफ हवेत जातो. तुम्हाला कसं कळतं हिचा श्वास नेमका कधी आत जातोय ते?

जयसिंगराव : बावीस वर्षं ब्लो-रूमला काढली. रुईच्या गाठी फोडायच्या नि मशीनला चारायच्या. मशीन कधी खातंय, कधी अडकतंय, आवाजावर कळायचं. ही पण मशीनच समजा. फक्त लाड जास्त.

लीला : आणि बरणी चाटते ते सांगा ना. तुमच्या औषधासाठी नाही उभी राहत ती, मोहरीच्या वासासाठी उभी राहते. पंधरा दिवस धुतेय, वास काही जात नाही.

जयसिंगराव : मला औषधाचा वास येतो. थंडगार.

लीला : हिंग आहे तो.

अनुश्री : काकू, हसवू नका, मोजायचं राहील. सात झाले ना?

जयसिंगराव : सात. मन लावा जरा, डॉक्टरीणबाई. आता!... आठ. आता!... नऊ. आणि हा शेवटचा. शाब्बास कपाशी! राजघराण्यातली आहेस अगदी.

लीला : राजघराणं! बँडवाल्याकडची म्हातारी घोडी व्यायली, तिचं शिंगरू आहे हे, अनु. मिल बंद झाली त्या साली घरी घेऊन आले. रंग बघितला नि नाव ठेवलं कपाशी. मिल सुटली, रुई काही सुटली नाही.

जयसिंगराव : आमचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते. घोडं आमच्या रक्तात आहे.

लीला : आणि लीद माझ्या अंगणात आहे.

अनुश्री : आता एक मिनिट गप्प बसा हं दोघं. श्वास मोजते.

(अनुश्री घड्याळ हातात धरून कपाशीच्या बरगड्यांकडे बघत राहते. या अंगणात पूर्ण एक मिनिट कोणी न खोकता गेलेलं लीलाला आठवत नाही. तीही मनातल्या मनात मोजायला लागते, आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघता बघता आकडा विसरते.)

अनुश्री : चौदा.

जयसिंगराव : किती?

अनुश्री : चौदा, काका! पहिल्या दिवशी चौतीस होते. आणि इथे बघा, बरगड्यांच्या खाली दोरी ताणल्यासारखी रेघ होती ना? श्वास सोडायला पोटानं जोर लावायची त्याची? कुठंय ती?

लीला : अगं बाई. गेली की.

जयसिंगराव : मी काय म्हणत होतो! आज पहाटे अन्नपूर्णापर्यंत नेऊन आणली. जाऊन-येऊन, कुठे थांबली नाही. एकदासुद्धा खोकली नाही. देवळापाशी फुगेवाल्यानं पिपाणी वाजवली तर हिनं पाय उचलायला सुरुवात केली. भर रस्त्यात!

लीला : आणि तुम्ही?

जयसिंगराव : मी पण. थोडासा.

अनुश्री : बँडवाले अच्युतजी कधी येतायत बघायला?

लीला : पाच वाजता. देवउठनी ग्यारस, कार्तिकी एकादशी, आठ दिवसांवर आली, तिथून वराती सुरू. मागच्या सीझनला राजवाड्याजवळ ही अशी खोकली, अशी खोकली, की वरच्या नवरदेवाचा सेहरा सुटून ढोलवाल्याच्या गळ्यात. नवरीकडचे हसून हसून बेजार. पण अच्युत नाही हसला. म्हणाला, भाभी, यंदा घोडीत दम नसेल तर व्यापाऱ्याला देऊन टाका, मी दुसरी बघतो.

जयसिंगराव : देऊन टाका म्हणे. भांडं आहे का ते? आता येऊ दे अच्युत भियाला. चौदा! लिहून ठेवा मोठ्या अक्षरात. काय औषध आहे, डॉक्टरीणबाई! तुमचं महूचं जनावरांचं कॉलेज म्हणजे कमाल. मी सगळ्या चाळीला सांगितलंय.

अनुश्री : काका, थोडं थांबा. सरांनी लिफाफा दिलाय आज. तुमच्यासमोरच उघडते.

लीला : तो जुगाराचा?

अनुश्री : जुगार नाही हो, काकू.

लीला : मग काय? सहा जनावरं. तीन पंपांत औषध, तीन पंपांत नुसती हवा. दिसायला सगळे सारखे. कोणाच्या पंपात काय ते जनावराला माहीत नाही, आम्हाला माहीत नाही, आणि दाबणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नाही. आमच्याकडे याला सट्टाच म्हणतात.

अनुश्री : मला माहीत असतं तर मी औषधवाल्या घोडीचे श्वास नकळत कमीच मोजले असते. माणूस आहे मी. म्हणून तर पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, घरचं काहीही बदलू नका. तेच गवत, तीच शेड. म्हणजे जे काही बरं वाटेल ते पंपामुळेच.

जयसिंगराव : हो हो, सांगितलं होतं. बिलकुल. उघडा तुम्ही.

अनुश्री : कपाशी... पंप नंबर चार. चार म्हणजे... रिकामा.

लीला : रिकामा म्हणजे?

अनुश्री : नुसती हवा. औषध नव्हतंच त्यात.

लीला : म्हणजे पंधरा दिवस आम्ही हिला लोणच्याचा वास दिला?

जयसिंगराव : शक्य नाही. मला वास येत होता औषधाचा.

लीला : हिंग, म्हटलं ना मी.

अनुश्री : नंबर बरोबर आहे. सरांची सही आहे. पण मग चौतीसवरून चौदा? रिकाम्या पंपानं? असं होत नाही, काका. सर म्हणतील मी मोजायलाच चुकले. दीड वर्ष झालं या थिसिसला. परभणीला बाबा रोज फोनवर विचारतात, झालं का, झालं का.

जयसिंगराव : मग... उद्या परत खोकायला लागेल ती? औषध नव्हतंच, तर बरी तरी कशानं झाली? आणि पाच वाजता अच्युत येणार.

अनुश्री : तेच कळत नाहीये मला. काहीतरी बदललंय. काका, खरं सांगा, काही दिलंत का तिला? वैदूची पुडी? गूळ-हळद?

जयसिंगराव : छे! शपथेवर सांगतो, कपाशीच्या पोटात मी काही घातलं नाही.

लीला : अहो.

जयसिंगराव : काय अहो? नाही घातलं.

लीला : पोटात नाही घातलं. हौदात काय घातलं ते सांगा.

अनुश्री : कुठला हौद?

लीला : माझा, धुण्याचा. बारा दिवस झाले, मी कपडे धुते बादलीत, कारण हौदात गवत भिजत पडलेलं असतं. मी म्हटलं हा काय प्रकार, तर म्हणाले, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, प्रयोगच आहे तो. मी म्हटलं, असेल बाबा, इंग्रजी पुस्तकातलं असेल.

अनुश्री : मी? मी तर नेमकं उलटं सांगितलं होतं!

लीला : बघ आता. आणि शेडमध्ये कुठे असते ती? बाहेर कडुलिंबाखाली बांधलेली असते. गल्लीच्या तोंडाशी तुझ्या लुनाचा आवाज आला की पळत जाऊन आत बांधायचे. पुढ्यात कोरडं गवत टाकायचे, दाखवायला. तू गेलीस की पुन्हा बाहेर.

अनुश्री : काका!

जयसिंगराव : लीला, तू कोणाच्या बाजूची आहेस?

लीला : माझ्या हौदाच्या.

अनुश्री : पंधरा दिवस मी तक्त्यात लिहितेय, गवत कोरडं, जागा शेड. रोज सही करतेय त्याखाली!

जयसिंगराव : चुकलं माझं. पहिले तीन दिवस मी काही हात नाही लावला, विचारा हिला. पण कोरडं गवत झटकलं की धूळ उडायची, शेडच्या कवडशात सगळी दिसायची, तरंगत. आणि ही त्यातच नाक घालून उभी. ब्लो-रूमचा माणूस आहे मी. उडणारी धूळ बघून मला गप्प बसता येत नाही, हात आपोआप पाण्याकडे जातो. वर ती खोकायला लागली की पाय फाकवून, मान खाली टाकून उभी राहायची. डोळे असे बाहेर. ते नाही बघवलं मला. मला माहीत आहे ना त्या वेळी कसं—

लीला : पोहे घे गं अनु. गार होतायत. जिरावन मसाला टाक वरून.

अनुश्री : घेते, काकू. काय म्हणत होतात, काका?

जयसिंगराव : काही नाही. तुमची थिसिस बुडवली मी. कॉलेजात येऊन सरांना सांगू का? हात जोडतो त्यांच्यापुढे.

अनुश्री : थांबा, थांबा. बाकीचे तक्ते बघू दे आधी. हे मल्हारगंजचं टांग्याचं घोडं, औषधवालं. तीसवरून अठरा. हे दुसरं, एकोणीस. तिसरंही उतरलंय. आणि रिकाम्या पंपाची ती दोघं... बत्तीस होते, एकतीस. तिथल्या तिथे. त्यांच्या मालकांनी काहीच बदललं नाही.

लीला : म्हणजे प्रामाणिक माणसंही आहेत इंदूरमध्ये.

अनुश्री : म्हणजे औषध काम करतं, काकू! सहाची पाच झाली, पण पाची एकाच बाजूला बोलतायत. सरांना खरं काय ते सांगेन, ओरडतील, मग ऐकतील. फक्त कपाशीला गाळावी लागेल.

जयसिंगराव : गाळायची? सगळ्यात जास्त बरी झाली, तिलाच गाळायची?

अनुश्री : तक्त्यातून, काका. तिच्यासाठी वेगळं पान लिहीन. खरं तर तेच सगळ्यात चांगलं पान होईल. औषध मिळालेली अठरावर थांबली, आणि जिला औषधाचा थेंब नव्हता ती चौदावर आली. कशानं? धूळ गेली म्हणून. पुस्तकात वाचलं होतं मी हे, गवत भिजवा, मोकळ्यावर ठेवा. पण त्या एका ओळीत एवढा जोर असेल असं नव्हतं वाटलं मला.

जयसिंगराव : म्हणजे उद्या खोकणार नाही ती?

अनुश्री : गवत ओलं राहिलं आणि शेडमध्ये परत नेली नाहीत, तर कशाला खोकेल? कधी लागलंच, तर औषध आहे आता, खरं भरलेलं. अच्युतजींना सांगा, घोडी चालेल. राजवाड्यापर्यंत काय, पार देवासपर्यंत चालेल.

जयसिंगराव : ऐकलंस, कपाशी? देवासपर्यंत! लीला, आरतीचं ताट आण. नाही, आधी गूळ आण. कुठे ठेवलाय तो?

लीला : हौदात बघा.

अनुश्री : काकू, हौद मात्र आता गेलाच हं तुमचा.

लीला : जाऊ दे. हौद गेला, बरणी गेली. घोडी राहिली ना? चालतंय मला. तुम्ही पण बसा हो, खाऊन घ्या पोहे. पहाटेपासून नाचताय.

अनुश्री : काका, खाता खाता सांगा, मला त्या पानावर लिहायचंय. पाण्याचं तुम्हाला कसं सुचलं?

जयसिंगराव : सुचलं काय, जुनंच होतं डोक्यात. ब्लो-रूममध्ये गाठ फोडली की धुकं व्हायचं नुसतं. समोरचा माणूस दिसायचा नाही. मी आणि माझा पाळीचा जोडीदार शरदचंद्र, आम्ही दोघांनी अर्ज दिला होता, पाण्याची बारीक फवारणी बसवा, बाहेर खेचणारे पंखे बसवा. साहेब म्हणाले, रुई ओली होईल. मग आम्ही तोंडाला पंचा बांधायचो. पंचा संध्याकाळी उभा राहायचा, इतका कडक.

अनुश्री : आणि तुम्हाला त्रास नाही झाला कधी? बावीस वर्षांत?

लीला : आणखी घे ना पोहे. शेव घे.

जयसिंगराव : मिलनं पोट भरलं आमचं, डॉक्टरीणबाई. आई होती मिल. या घरात तिला नाव ठेवायचं नाही, असा नियमच आहे. आठ वर्षं झाली कुलूप पडून, आजही दर रविवारी आम्ही गेटवर जमतो. मिल चालू करा म्हणतो.

अनुश्री : नाव नाही ठेवत मी. सहज विचारलं. आज सोमवार ना? परवा काकू सांगत होत्या, तुम्ही मिलमध्ये असताना सोमवारचा कडक उपास करायचात. आणि आता पोहे खाताय म्हणून...

लीला : मी पण काय काय बोलत बसते.

अनुश्री : काय झालं, काकू?

लीला : काही नाही गं. करायचे उपास. महादेवाचा. बावीस वर्षं एक सोमवार चुकला नाही. मिल बंद पडली आणि महिन्याभरात उपास सुटला. मी म्हटलं, अहो, देव रागवेल. तर म्हणाले, मिलच गेली, आता त्याच्याकडे मागायचं काय.

अनुश्री : फक्त सोमवारी? रविवारी सुट्टी असायची ना मिलला?

जयसिंगराव : असायची.

अनुश्री : काका, माणसांच्या डॉक्टरांचं एक पुस्तक आहे. कपाशीसाठी वाचत होते, धुळीनं छातीला काय होतं ते बघायला. त्यात रुईच्या कामगारांवर एक धडा आहे. लिहिलंय, की सुट्टीनंतर कामावर जायचा जो पहिला दिवस असतो ना, त्या दिवशी त्यांची... जाऊ दे. पोहे फारच छान झालेत, काकू.

लीला : हो. कढीपत्ता घरचा आहे.

जयसिंगराव : लीला, आहेत का अजून?

लीला : काय?

जयसिंगराव : पोहे.

लीला : आहेत की. कढईभर आहेत.

जयसिंगराव : वाढ. भरपूर वाढ. उपास नव्हता गं तो. सोमवारी पाळीवर गेलो की दुपारपर्यंत छाती अशी भरून यायची, की घास खाली उतरायचा नाही. मंगळवारी जरा सैल व्हायची. आता रोज उठून काय सांगायचं? तुला म्हटलं, उपास आहे.

लीला : माहीत होतं मला.

जयसिंगराव : माहीत होतं?

लीला : साबुदाणा कोण भिजवायचं? डबा भरून द्यायची मी, तसाच्या तसा परत यायचा. उपासाचं म्हणून दिलेलंही जो खात नाही, त्याचा कसला उपास. शरद भाऊजींचाही सोमवारच होता. त्यांच्या घरी पण डबे तसेच परत यायचे.

जयसिंगराव : शरद गेला तेव्हा टीबी म्हणाले.

लीला : म्हणाले. मी ऐकून घेतलं, तुम्ही ऐकून घेतलं. मिल बंद पडून सगळी चाळ उपाशी बसलेली, तिथे कुणी काय बोलायचं?

जयसिंगराव : रविवारी गेटवर सगळ्यात मोठा आवाज माझा असतो, डॉक्टरीणबाई. मिल चालू करा, मिल चालू करा, तासभर ओरडतो. पोरं म्हणतात, काका, तुमच्यात केवढा दम! तो कुठून आला, हे मी कोणाला सांगत नाही.

लीला : ओरडत जा तुम्ही. हक्काचं आहे ते, सोडायचं नाही.

जयसिंगराव : ओरडणारच. तिथे ओरडणारच. पण इथे घरात एकदा म्हणू दे.

लीला : म्हणा.

जयसिंगराव : मिल बंद झाली ते बरं झालं, लीला.